मीटर तात्यांच्या नावावर

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

दु. १.२० ला लाइट गेली ती ४.०५ ला आली. इन्व्हर्टरने दीड तास काढला, मग टूं टूं करायला लागला. बॅटरी जुनी झाली आहे. ह्यांना ऑक्सिजनच्या मशीनवरून सिलिंडरवर घेतलं. नळी काढ, नळी लाव, काटा बघ. आता हाताला सवय झाली.

हे म्हणाले, "आमच्या इंजिनरूममध्ये एवढ्या झटपट कोणी काम केलं नाही." एवढं वाक्य बोलून पाच मिनिटं धाप. जहाजावर तीस वर्षं तेल आणि धूर छातीत भरून घेतला, त्याची ही पेन्शन.

डॉक्टरांनी दिवसाचे सोळा तास मशीन सांगितलंय. लाइट असेल तर मशीन, नसेल तर नुसतं खोकं.

संध्या. मनूचा फो. पुण्याहून. नेहमीचंच. "आई, आमच्या बिल्डिंगला जनरेटर आहे. बाबांना घेऊन ये ना इकडे कायमची. एक खोली तुमचीच आहे." बघू म्हटलं.

१६ फेब्रु., रवि.

सोलरवाले मयेकर येऊन गेले. पूर्वी हापूसच्या पेट्यांचा धंदा करायचे, आता पॅनल बसवतात. माणूस बोलका. गच्चीवर चढून टेप लावला, फोटो काढले. मागच्या अर्ध्या भागावर पत्र्याची शेड आहे, पुढचा स्लॅब मोकळा. तिथे बसतील म्हणाले.

मी विचारलं, वानरांचं काय? आमच्याकडे रोज सकाळी टोळी येते, पडवीची कौलं फोडून झाली, टाकीचं झाकण पळवून झालं.

"काकी, पॅनलवर वानर बसतो. ऊन खातो. उठून जातो. काच फुटत नाही. वायर मात्र पाइपातून घ्यायला हवी, नाहीतर ती ओढतात."

खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजेल, हेही विचारलं. त्यावर जस्ताचा जाड थर दिलेलं लोखंड वापरतो म्हणाले. बरं उत्तर दिलं. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढली मी, प्रश्न विचारायची खोड जात नाही.

मग त्यांनी बिल मागितलं. बिलावर नाव तात्यांचं. माझे सासरे.

"हयात आहेत?"

"अकरा वर्षं झाली जाऊन."

"मग आधी मीटरवरचं नाव बदलावं लागेल. त्यासाठी सगळ्या वारसांची संमती. वारस किती?"

वारस दोन. हे आणि ह्यांची थोरली बहीण, संगमेश्वरच्या आक्का.

हे आतून म्हणाले, "झालं. संपला विषय."

१९ फेब्रु., बुध.

शिवजयंती, मनूला सुट्टी. तिने फो.वर सांगितलं, सावली बघून घे. खडू घेऊन दर तासाला गच्चीवर जाऊन शेजारच्या माडांच्या सावलीची रेघ मारली. सकाळी नऊपर्यंत एक कोपरा जातो, तीननंतर दुसरा. मधले सहा तास स्वच्छ ऊन. दिवसभरात जिने चढून गुडघे बोलायला लागले.

हे म्हणतात, "पॅनलची गॅरंटी पंचवीस वर्षं. माझी किती?"

असं बोलले की मी भांडी घासायला जाते.

२३ फेब्रु., रवि.

आज स्वतःवर चिडले. मयेकरांना फो. करून सहज विचारलं, लाइट गेली की सोलरवर मशीन चालेल ना? दिवसा?

"नाही काकी. लाइट गेली की तेही बंद होतं. लाइनवर वायरमन काम करत असतो, तुमची वीज उलटी गेली तर त्याला शॉक बसेल. म्हणून ते आपोआप बंद पडतं."

"डोक्यावर कडकडीत ऊन असलं तरी?"

"असलं तरी. बॅटरीवालं घेतलंत तर चालेल. पण ते जवळजवळ दुप्पट."

मी एवढी नववी-दहावीच्या पोरांना सर्किट जोडून द्यायची आणि हे आधी विचारलं नाही. आमची गरज बिल कमी करण्याची नाही, मशीन चालू राहण्याची आहे. म्हणजे घ्यायचं तर बॅटरीवालंच. सबसिडी बॅटरीला नाही, नुसत्या पॅनलला. हे म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." काहीच सांगत नव्हते.

१ मार्च, शनि.

नावाचं काम आक्कांपाशी अडलं आहे, आणि आक्का अकरा वर्षं ह्या घराची पायरी चढलेल्या नाहीत. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. आज लिहिते.

तात्या गेले तेव्हा आषाढ. तीन दिवस लाइट नव्हती, मोबाइल बंद, नदीचं पाणी संगमेश्वरच्या बाजारात. हे आखातात जहाजावर. घरात मी आणि दहावीतली मनू. तात्या पहाटे गेले. शेजारच्या दामल्यांचा फोन तेवढा चालू होता, त्यावरून आक्कांना कळवलं. दुपारी बारा वाजता त्यांचा उलट निरोप आला, "निघालेय. थांबा. तात्यांचं तोंड बघू दे."

बर्फ मिळेना. लाइट नाही तर बर्फाची फॅक्टरीही बंद. तीन वाजता वाडीतली माणसं म्हणाली, वहिनी, आता ठेवता येणार नाही. मी चारपर्यंत थांबले. मग म्हटलं, उचला.

आक्का सातला पोचल्या, भिजून. मी म्हटलं, तुमचा निरोपच मिळाला नाही हो.

का बोलले? घाबरले. त्या अंगणात उभ्या होत्या आणि माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. मग मागे घेता आलं नाही. ह्यांनाही तेच सांगितलं, ते आजपर्यंत तेच धरून आहेत. पण दामल्यांनी आक्कांना सांगितलेलं, निरोप दिला म्हणून. आक्का भावाला म्हणाल्या, तुझी बायको खोटं बोलते. हे बायकोच्या बाजूने उभे राहिले. तेव्हापासून बंद.

६ मार्च, गुरु.

संगमेश्वरला जाऊन आले. ह्यांच्याजवळ वाडीतल्या नलूला बसवलं. सकाळची एसटी, वाटेतल्या हातखंब्यापासून पुढे रस्त्याचं काम चालू, सगळी लाल धूळ. संमतीपत्र टाइप करून नेलेलं. ज्याच्या नावावर मीटर करायचं ती जागा कोरी ठेवलेली, ती नंतर भरू म्हटलं.

आक्का ओसरीवर चिंच फोडत बसलेल्या. शहात्तर वय. मला बघून उठल्या नाहीत.

"कोण मेलं?"

"कोणी नाही, आक्का. सही हवी होती."

सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी कागद दिला. चष्मा लावून पूर्ण वाचला, दोनदा. मशीनचं, लाइटचं, सोलरचं सगळं सांगितलं. ह्यांच्या तब्येतीचं ऐकताना चिंच फोडायच्या थांबल्या.

"रमूला झोपताना नळी असते?"

"असते."

मग म्हणाल्या, "सही देते. एक सांग गो. निरोप मिळालेला की नव्हता?"

मी येताना एसटीत ठरवलेलं, काही विचारलं तर जुनंच सांगायचं. अकरा वर्षांनी उकरून काय होणार.

"मिळाला होता," म्हटलं. "बारा वाजता. मी चारपर्यंत थांबले. मग मीच उचला म्हणाले."

"किती वाजता उचलला?"

"चार वाजून दहा मिनिटं."

"मी चारला हातखंब्यात उभी होते." एवढंच. मग परत, "हातखंब्यात. गाडी मिळेना म्हणून."

कागद घडी करून माझ्या हातात दिला. सही नाही. सून पाणी घेऊन आली ते प्यायले आणि उठले. त्या आत गेल्या होत्या.

७ मार्च, शुक्र.

ह्यांना सांगितलं. सगळं. दुपारी जेवणानंतर, मशीन लावलेलं असताना, म्हणजे दम लागणार नाही.

ह्यांनी नाकाशी नळी सारखी केली.

"आक्काला मी काय काय बोललो त्या वेळी," म्हणाले. "फोनवर. तुला माहीत आहे?"

"नाही."

"नकोच माहीत होऊ दे."

आणि तोंड भिंतीकडे.

१४ मार्च, शुक्र.

शिमगा. पालखी अंगणात आली. हे खुर्चीत बसूनच पाया पडले. मी ओटी भरली. पालखी नाचवताना नलूची नात घाबरून माझ्या पदरात.

आठवडा झाला, हे कामापुरतं बोलतात. औषध, पाणी, पंखा. मयेकरांचा फो., "काकी, झाली का सही?" नाही म्हटलं. पावसाच्या आत बसवायचं तर वेळ कमी आहे म्हणाले. माहीत आहे.

मनूला यातलं काही सांगितलं नाही. ती त्या दिवशी माझ्या शेजारीच उभी होती, निरोप आला तेव्हा. तिला आठवत असेल? कधी बोलली नाही.

३० मार्च, रवि. पाडवा

सकाळी गुढी उभारून आत आले, श्रीखंडाचं बघत होते. रिक्षा थांबली. आक्का. हातात पिशवी, कडेला नातू रिक्षाचे पैसे देतोय.

पायरीशी थांबल्या. मी पुढे झाले, म्हटलं, "या." पायांवर पाणी घातलं. आत आल्या, सरळ ह्यांच्या पलंगापाशी गेल्या.

"रमू, काय रे हे. किती सुकलास."

हे रडले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. नळी ओली झाली. मी ती पुसायला गेले तर आक्कांनी हाताने मला थांबवलं आणि स्वतः पुसली, पदराने. मी स्वयंपाकघरात गेले. बाहेरून ऐकू येत होतं, हे म्हणत होते, "आक्का, मी तेव्हा बोललो ते..." आणि त्या, "गप. धाप लागेल."

जेवणानंतर पिशवीतून कागद काढला. सही केलेली. साक्षीदाराचीही.

मला म्हणाल्या, "तू खरं सांगितलंस त्या दिवशी मला वाटलं, आता बरं वाटेल. अकरा वर्षं मी म्हणत होते ही खोटं बोलते, आणि कोण ऐकत नव्हतं. पण बरं नाय वाटलं. तुझा राग आलाय तो आहेच."

"हो, आक्का."

"पण रमूच्या नळीचा त्याच्याशी संबंध नाय. नाव कोणाचं घालायचं ते तुम्ही दोघं बघा. मी कोरं सोडलंय."

२ एप्रिल, बुध.

आक्का परत गेल्या. तीन दिवस राहिल्या. माझ्याशी बेताचं बोलल्या. भावाशी तासन्‌तास, जुन्या माणसांची नावं, कोण कुठे गेलं. जाताना मला म्हणाल्या, कुळथाचं पिठलं पातळ करतेस, ते आई करायची तसं दाट कर. बरं म्हटलं.

हे माझ्याशी बोलायला लागले. दूर आहेत अजून थोडे. पण बोलतात.

मयेकरांना सही झाल्याचं कळवलं. अर्ज घेऊन येतो म्हणाले.

८ एप्रिल, मंगळ.

संध्या. साडेपाचला वारा सुटला, लाइट गेली. इन्व्हर्टर सव्वा तास. सिलिंडर लावला, काटा निम्म्यावर. दुसरा भरायला दिलेला, तो आणून देणारा आज आलाच नाही. त्याला फो., बंद. वायरमनला फो., कुठेतरी फांदी पडली आहे, शोधतोय म्हणाला.

सव्वाआठला काटा लाल भागात. ह्यांचे ओठ बघितले, रिक्षा बोलावली. नलूच्या मुलाने आणि रिक्षावाल्याने खुर्चीसकट उचलून नेलं. दवाखान्यात ऑक्सिजन लागल्यावर दहा मिनिटांत रंग आला. मी कॉरिडॉरमध्ये बसले तेव्हा लक्षात आलं, पायात दोन वेगळ्या चपला.

१० एप्रिल, गुरु.

काल घरी आणलं. आज सकाळी मी मयेकरांना फो. लावायला घेतला, म्हटलं आता बॅटरीवालंच, काय लागेल ते लागू दे. हे म्हणाले, "ठेव तो फोन. इकडे बस."

बसले.

"मला सोलर नको आहे."

"पंचवीस वर्षांचं परत काढू नका."

"ते नाही. आपण पुण्याला जाऊ."

आजपर्यंत मनू पुणे म्हणाली की हेच फोन माझ्याकडे देऊन मोकळे व्हायचे. मला वाटायचं, ह्यांना समुद्र सोडवत नाही, म्हणून मी नाही म्हणत राहिले.

"तुम्हाला जायचंय?"

"मला कुठेही चालेल. नळी पोचते तेवढंच माझं जग." मग थांबून थांबून, एकेक वाक्य. "मी असताना तू तिकडे रुळलीस तर बरं. नंतर एकटी जाशील तर पाहुणी होशील. इथे राहिलीस तर रोज दोन वेगळ्या चपला."

म्हणजे मी हे सगळं ह्यांच्यासाठी करत होते, आणि हे माझ्यासाठी अडवत होते.

मी म्हटलं, "मी पुण्याला नाही जाणार."

"का?"

म्हटलं, इथे मला माहीत आहे कुठून ऊन येतं. ते हसले. मग खोकला.

१३ एप्रिल, रवि.

मनूचा फो. दवाखान्याचं कळल्यापासून रोज करते. आज तिला सरळ म्हटलं, बाबा यायला तयार आहेत, मी नाही. ती म्हणाली, "आई, तू तिकडे एकटी राहिलीस तर मला इथे झोप लागेल का?"

मग विचारलंच तिला, आजोबा गेले त्या दिवशीचं काय आठवतं? म्हणाली, "तू चार वाजेपर्यंत गेटकडे बघत होतीस. तेवढं आठवतं."

फो. ठेवला. तांदूळ निवडले. नंतर परत निवडले.

खरं बघायचं तर पुण्याची खोली वाईट नाही. खिडकी आहे. खाली बाग आहे. मी दोनदा राहिले आहे, आठ-आठ दिवस. नवव्या दिवशी काय करायचं ते कळत नाही एवढंच.

२१ एप्रिल, सोम.

ह्यांना आज बरं. अंगणात खुर्ची टाकून अर्धा तास बसले, छोटा सिलिंडर जवळ. नलू आंबे देऊन गेली. हे एकच फोड खाऊन म्हणाले, यंदा गोडी कमी. दरवर्षी म्हणतात.

डॉक्टरांना विचारलं, पुण्याचा प्रवास झेपेल का. म्हणाले, रुग्णवाहिकेतून, सोबत ऑक्सिजन ठेवून, झेपेल. जायचं तर पावसाच्या आत जा. सगळ्यांना सगळं पावसाच्या आतच हवंय.

२७ एप्रिल, रवि.

मयेकर अर्ज घेऊन आले. बॅटरीवाल्याचा कागदही वेगळा आणलेला, सगळं लिहून. ह्या आठवड्यात पॅनलचा सांगाडा मागवला तर पावसाच्या आत बसतो. मंगळवारपर्यंत कळवा म्हणाले. टेबलावर कागद मांडले.

"आधी हे मीटरच्या नावाचं. नवीन ग्राहकाचं नाव? काकांचं घालू?"

हे म्हणाले, "हिचं."

"काका, वारस म्हणून तुमचं नाव सोपं पडेल. काकींचं घालायचं तर तुमचंही संमतीपत्र लागेल."

"घ्या माझं संमतीपत्र. हिचंच घाला. परत दोन वर्षांनी कोणाच्या सह्या गोळा करत फिरणार ती?"

मयेकर खाली बघायला लागले. ह्यांनी सही करून दिली, पूर्ण नाव लिहिलं. मग मी कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं. आक्कांच्या कागदावरही. लग्न होऊन आल्यापासून ह्या घराच्या कुठल्याही कागदावर ते नव्हतं, आज लिहिताना एक काना विसरले, वरून दिला.

नावाचा अर्ज मयेकर घेऊन गेले. सोलरचा राहिला. त्यावर माझी सही हवी. आता मीच ग्राहक.

मयेकर गेल्यावर हे म्हणाले, "नाव तुझं केलं म्हणजे सोलर घेच असं नाही. सही कर, नाहीतर मनूला सांग रुग्णवाहिका बघायला. मला दोन्ही चालेल. तू ठरव."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

विचार केल्यासारखं केलं. म्हणाले, "मला चहा."

चहा ठेवला. अर्ज टेबलावर आहे, पंख्याने उडू नये म्हणून वर अडकित्ता ठेवलाय. मंगळवारपर्यंत.